मेलचा डेटा दुसऱ्या ड्राइव्हवर हलवल्यावर थंडरबर्ड कोरं उघडतंय? आधी खातं नव्याने भरू नका

सी ड्राइव्ह भरला, लाल पट्टी दिसायला लागली, म्हणून मेलचं फोल्डर उचलून दुसऱ्या ड्राइव्हवर टाकलं. मग थंडरबर्ड, म्हणजे मेल वाचायचा-पाठवायचा प्रोग्राम, उघडलं, तर समोर नवं खातं जोडायची स्क्रीन. डावीकडे इनबॉक्स नाही, वर्षानुवर्षं लावून ठेवलेली फोल्डर नाहीत, काहीच नाही. काहींना तर एवढंही दिसत नाही. नुसता एक मेसेज येतो, ‘युवर थंडरबर्ड प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड. इट मे बी मिसिंग ऑर इनॅक्सेसिबल’, आणि ओके दाबलं की सगळं बंद.

तुमची आत्ता हीच अवस्था असेल तर पुढचं वाचायच्या आधी एवढं करा: त्या कोऱ्या स्क्रीनवर ईमेल पत्ता आणि पासवर्ड टाकू नका. थंडरबर्ड बंद करा. तुमचे मेल बहुतेक करून डिस्कवर जसेच्या तसे आहेत. थंडरबर्ड जुन्या जागी जाऊन बघतंय, तिथे काही सापडत नाही, म्हणून ते कोरं उघडतंय. नवी जागा दाखवून देणं हे दहा-पंधरा मिनिटांचं काम आहे. पण कोऱ्या जागी खातं भरलंत की नवे मेल तिथेच उतरायला लागतात. मग जुने मेल एका ठिकाणी, नवे दुसऱ्या ठिकाणी, आणि दोन्ही एकत्र करण्यात निम्मा दिवस जातो. माझा गेला आहे, म्हणून इतकं आग्रहाने सांगते.

आमच्या इमारतीत खालच्या मजल्यावर एक काका राहतात. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झाल्यावर त्यांनी घराण्याचा कुलवृत्तांत करायला घेतला. मिरज, नागपूर, इंदूर, बडोदा, न्यू जर्सी, जिथे म्हणून त्यांच्या आडनावाची माणसं सापडली तिथून जन्मसाली, लग्नं, दत्तक गेलेल्यांची नावं, मोडीतल्या कागदांचे फोटो, सगळं मेलवर मागवलं. दहा वर्षं हे चाललं होतं. त्यांचं खातं पॉप पद्धतीचं. लॅपटॉपवर मेल उतरला की थोड्या दिवसांनी सर्व्हरवरची प्रत काढून टाकायची, असं सेटिंग. म्हणजे दहा वर्षांच्या मेलची एकुलती एक प्रत त्या लॅपटॉपमध्ये.

लॅपटॉपचा ड्राइव्ह भरला म्हणून तो एका दुकानात दिला. तिथल्या मुलाने थंडरबर्डचं फोल्डर कट करून काकांच्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर पेस्ट केलं. थंडरबर्ड कोरं उघडलं तेव्हा त्याने खातं पुन्हा भरून दिलं, आठवड्याभराचे मेल आले, आणि ‘चालू झालं’ म्हणून लॅपटॉप परत दिला. काकांनी वर येऊन मला विचारलं, “अगं, हे जुनं सगळं गेलं का?” तेव्हा आठ दिवस उलटून गेले होते.

काही गेलं नव्हतं. हार्ड डिस्कवर बघितलं तर ‘इनबॉक्स’ नावाची, मागे काहीही एक्स्टेन्शन नसलेली ३.४ जीबीची एक फाइल शांतपणे पडून होती.

थंडरबर्ड मेल कुठे ठेवतं

हे समजून घेतलं की पुढची अर्धी भीती जाते. थंडरबर्ड प्रोग्राम एका जागी असतो आणि तुमचा डेटा, म्हणजे प्रोफाइल, दुसऱ्या जागी. विंडोजमध्ये प्रोफाइलची मूळ जागा अशी: सी ड्राइव्ह, युजर्स, तुमचं नाव, ॲपडेटा, रोमिंग, थंडरबर्ड, प्रोफाइल्स. ॲपडेटा हे फोल्डर लपवलेलं असतं, म्हणून नुसतं शोधून सापडत नाही. विंडोजची कळ आणि आर एकदम दाबा, येणाऱ्या चौकटीत ॲपडेटा हा शब्द इंग्रजीत, दोन्ही बाजूंना टक्क्याचं चिन्ह लावून टाइप करा आणि एंटर मारा. थेट रोमिंगमध्ये पोचाल.

तिथल्या थंडरबर्ड फोल्डरमध्ये ‘प्रोफाइल्स डॉट आयएनआय’ नावाची छोटीशी मजकुराची फाइल असते. सगळी मेख तिथे आहे. थंडरबर्ड उघडताना आधी ही फाइल वाचतं आणि त्यात जो पत्ता असेल तिथे जातं. तुम्ही फोल्डर हलवलंत तरी या फाइलमधला पत्ता आपोआप बदलत नाही.

प्रोफाइलचं फोल्डर ओळखणं सोपं आहे. नावाच्या सुरुवातीला आठ अक्षरा-आकड्यांचा अर्थहीन गुच्छ, मग टिंब, मग ‘डिफॉल्ट-रिलीज’ किंवा नुसतं ‘डिफॉल्ट’. आत ‘प्रेफ्स डॉट जेएस’ ही फाइल, आणि ‘मेल’ व ‘आयमॅपमेल’ ही दोन फोल्डर. पॉपचे मेल आणि लोकल फोल्डर्स (फक्त कॉम्प्युटरवर असणारी फोल्डर) ‘मेल’मध्ये असतात, आयमॅपचे, म्हणजे मूळ मेल सर्व्हरवरच ठेवणाऱ्या खात्याचे, ‘आयमॅपमेल’मध्ये. एकेका मेल-फोल्डरमागे दोन फाइली: एक बिनएक्स्टेन्शनची, त्यात खरे मेल, दुसरी त्याच नावाची, पुढे ‘एमएसएफ’ असलेली, ती नुसती सूची. पोटफोल्डर असतील तर ‘एसबीडी’ शेपटीचं आणखी एक फोल्डर दिसेल.

खातं आयमॅप असेल तर जीव थोडा भांड्यात पडू द्या, कारण मूळ मेल सर्व्हरवर आहेत. पण लोकल फोल्डर्समध्ये तुम्ही हाताने हलवलेले मेल सर्व्हरवर नसतात. ‘माझं जीमेल आहे, सगळं ऑनलाइन आहे’ असं म्हणून लोक जुनं प्रोफाइल उडवतात आणि लोकल फोल्डर्स त्याबरोबर जातात. तेवढं बघितल्याशिवाय काही पुसू नका.

हात लावायच्या आधी प्रत

थंडरबर्ड बंद आहे ना, याची टास्क मॅनेजरमध्ये खात्री करा. मग नव्या जागी असलेलं पूर्ण प्रोफाइल तिसऱ्या एखाद्या ठिकाणी कॉपी करा. कट नाही, कॉपी. सी ड्राइव्हवर नव्याने तयार झालेलं कोरं प्रोफाइलसुद्धा तसंच ठेवा, विशेषतः त्यात खातं भरून झालं असेल तर.

पेन ड्राइव्हवर कॉपी करताना ‘फाइल इज टू लार्ज फॉर द डेस्टिनेशन फाइल सिस्टम’ असा मेसेज आला तर पेन ड्राइव्ह भरलेला नाही, तो फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे. त्या पद्धतीत एक फाइल ४ जीबीपेक्षा मोठी बसत नाही. मोठा इनबॉक्स नेमका तिथेच अडतो, आणि घाईत ‘स्किप’ दाबलं तर बाकी सगळं जातं आणि इनबॉक्स मात्र मागे राहतो. एनटीएफएस किंवा एक्सफॅट केलेला ड्राइव्ह घ्या. मूळ फोल्डर आणि प्रत, दोन्हींवर उजवी क्लिक करून प्रॉपर्टीजमध्ये आकार आणि फाइलींची संख्या जुळते का बघा.

नवी जागा दाखवणं

विंडोज आणि आर दाबून थंडरबर्ड डॉट ईएक्सई, एक स्पेस, वजाचं चिन्ह आणि त्याला लागून कॅपिटल पी असं इंग्रजीत टाइप करा. थंडरबर्ड न उघडता प्रोफाइल मॅनेजरची छोटी चौकट येईल. ‘क्रिएट प्रोफाइल’ घ्या. नाव ऐकून दचकू नका, जुनं काही पुसलं जात नाही. पुढच्या पानावर ओळखता येईल असं नाव द्या, मी ‘जुने-मेल’ दिलं होतं. मग ‘चूज फोल्डर’ दाबून हलवलेलं प्रोफाइल निवडा.

इथे सगळ्यात जास्त चूक होते. नेमकं ते फोल्डर निवडायचं ज्याच्या आत पाऊल टाकलं की लगेच ‘प्रेफ्स डॉट जेएस’ दिसते. एक पायरी वर ‘प्रोफाइल्स’ निवडलंत, किंवा एक पायरी खाली ‘मेल’ निवडलंत, तर थंडरबर्ड तिथेच नवं कोरं प्रोफाइल मांडतं आणि तुम्हाला वाटतं की उपाय चालला नाही. असं झालं तर घाबरायचं कारण नाही. बंद करून पुन्हा मॅनेजर उघडा आणि बरोबर पायरी निवडा.

फिनिश केल्यावर यादीत ते नाव निवडा, खालच्या ‘यूज द सिलेक्टेड प्रोफाइल विदाउट आस्किंग ॲट स्टार्टअप’ या चौकोनात टिक ठेवा आणि स्टार्ट करा. फोल्डर डावीकडे उलगडायला लागली की काम झालं.

त्याच चौकटीत ‘डिलीट प्रोफाइल’ असंही बटण आहे. चुकीचं झालेलं नाव यादीतून काढायचं असेल तर ते दाबल्यावर येणाऱ्या प्रश्नाला ‘डोन्ट डिलीट फाइल्स’ हेच उत्तर द्या. ‘डिलीट फाइल्स’ दाबलंत तर त्या नावामागचं फोल्डर मेलसकट पुसलं जातं.

काकांकडे हे केल्यावर मी नुसत्या इनबॉक्सच्या दर्शनावर समाधान मानलं नाही. कोणाचा मेल कधी आला याची काकांनी एका लांबट हिशोबाच्या वहीत नोंद ठेवली आहे, निळ्या शाईने, समोर लाल पेनने ‘उत्तर दिले’. त्यातलं मधलंच एक पान उघडलं. २०१६ मधली नोंद, बडोद्याच्या एका आत्याबाई, पाच फोटो. इनबॉक्सच्या पोटफोल्डरमध्ये तो मेल शोधला, उघडला, पाचही फोटो उघडून बघितले. मग आणखी तीन पानं तशीच. तुमच्याकडे वही नसेल, पण जुने चार-पाच मेल आठवून, अटॅचमेंटसकट उघडून बघा. यादीत विषय दिसणं म्हणजे मेल शाबूत असणं नाही, कारण यादी सूचीच्या फाइलमधून येते.

प्रोफाइल्स डॉट आयएनआय हाताने बदलायची असेल तर

मॅनेजर वापरलात तर या भागाची गरज नाही. पण जुने सल्ले वाचून अनेकजण ही फाइल नोटपॅडमध्ये उघडतात, ‘प्रोफाइल०’ या विभागात ‘इझरिलेटिव्ह’पुढचा १ काढून ० करतात, ‘पाथ’पुढे नवा पूर्ण पत्ता लिहितात, आणि तरीही थंडरबर्ड कोरंच उघडतं. बदल बरोबर असतो, अपुरा असतो.

२०१९ मध्ये आलेल्या ६८ व्या आवृत्तीपासून थंडरबर्ड प्रत्येक इन्स्टॉलेशनसाठी वेगळं प्रोफाइल लक्षात ठेवतं. त्याच फाइलमध्ये ‘इन्स्टॉल’ आणि पुढे आकड्या-अक्षरांची लांब माळ अशा नावाचा विभाग असतो. त्यातल्या ‘डिफॉल्ट’ ओळीतला पत्ता आधी वाचला जातो. तो जुनाच राहिला तर ‘प्रोफाइल०’ हा विभाग कितीही नीट लिहा, उपयोग नाही. दोन्हीकडे पत्ता अक्षरन् अक्षर सारखा हवा. शेजारी ‘इन्स्टॉल्स डॉट आयएनआय’ नावाची फाइल असते, तिच्यातही तोच पत्ता लिहा. इतकं सांभाळायचं असल्यामुळेच मी मॅनेजरच्या बाजूची आहे.

‘इझरिलेटिव्ह’ म्हणजे काय तेही सांगते. १ असेल तर पत्ता या फाइलच्या जागेपासून मोजला जातो, म्हणून तिथे नुसतं ‘प्रोफाइल्स’पासून लिहिलेलं असतं. दुसऱ्या ड्राइव्हचा पत्ता असा मोजता येत नाही, म्हणून ० करून ड्राइव्हच्या अक्षरापासून पूर्ण लिहायचा.

फक्त ‘मेल’ फोल्डर हलवलं असेल तर

म्हणजे प्रोफाइल जागेवरच आहे, थंडरबर्ड नीट उघडतं, खातीही दिसतात, पण इनबॉक्स रिकामा. अशा वेळी प्रोफाइल मॅनेजरचा उपयोग नाही. अकाउंट सेटिंग्जमध्ये त्या खात्याखाली ‘सर्व्हर सेटिंग्ज’ उघडा. अगदी तळाशी ‘लोकल डिरेक्टरी’ असते. ब्राउझ करून त्या खात्याचं फोल्डर नव्या ड्राइव्हवर दाखवा. पॉप खात्याच्या फोल्डरला बहुधा मेल सर्व्हरचंच नाव असतं. थंडरबर्ड पुन्हा सुरू करायला सांगेल, करू द्या. लोकल फोल्डर्सची जागा वेगळी असते, तिथे जाऊन हेच पुन्हा करावं लागतं. ते हमखास विसरायला होतं.

‘प्रेफ्स डॉट जेएस’ हाताने दुरुस्त करायचा मोह इथे होतो. थंडरबर्ड चालू असताना ती फाइल बदललीत तर बंद होताना थंडरबर्ड आपल्याकडची जुनी मूल्यं त्यावर लिहून टाकतं, आणि तुमची मेहनत जाते.

माझं मत विचाराल तर अर्धं इथे, अर्धं तिथे ठेवूच नका. हलवायचं तर पूर्ण प्रोफाइल हलवा. खात्यांची माहिती, पासवर्ड, पत्त्यांची वही, फिल्टर सगळं एकत्र राहतं.

उघडलं, पण काहीतरी बिनसलंय

मेल दिसतात पण पासवर्ड मागतंय: पासवर्ड ‘लॉगिन्स डॉट जेसन’ आणि ‘की४ डॉट डीबी’ या दोन फाइलींत मिळून असतात. एक कुलूप, एक किल्ली. एकच आली असेल तर पासवर्ड नव्याने द्यावे लागतील, दुसरा इलाज नाही.

जुनं प्रोफाइल असेल आणि जीमेल पासवर्ड बरोबर असूनही घेत नसेल, तर दोष तुमच्या हलवाहलवीचा नाही. गूगलने वैयक्तिक खात्यांसाठी ३० मे २०२२ पासून नुसत्या पासवर्डने बाहेरच्या प्रोग्राममधून लॉगिन करणं बंद केलं. सर्व्हर सेटिंग्जमध्ये ‘ऑथेंटिकेशन मेथड’ बदलून ‘ओऑथ२’ करा, आणि मेल पाठवायच्या सर्व्हरच्या सेटिंगमध्येही तेच करा. मग गूगलची स्वतःची लॉगिन स्क्रीन उघडेल. ती उघडून लगेच अडकत असेल तर थंडरबर्डच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये कुकीज बंद आहेत का ते बघा.

फोल्डर आहे पण मेल अर्धे, किंवा एका विषयावर क्लिक केलं की दुसराच मेल उघडतो: सूचीची फाइल आणि मेलची फाइल एकमेकींशी जुळत नाहीत. फोल्डरवर उजवी क्लिक, प्रॉपर्टीज, ‘रिपेअर फोल्डर’. मेल खूप असतील तर वेळ लागतो, मध्येच बंद करू नका. त्याने भागलं नाही तर थंडरबर्ड बंद करून त्या फोल्डरची फक्त ‘एमएसएफ’ फाइल बाजूला काढा, ती नव्याने तयार होते. रकान्यांची मांडणी पूर्ववत करावी लागेल, मेल जात नाहीत. फक्त शेजारची बिनएक्स्टेन्शनची फाइल चुकून उचलू नका.

पॉप खात्यात सर्व्हरवरचे सगळे मेल पुन्हा उतरायला लागले: कोणते मेल आधीच घेतले याची नोंद खात्याच्या फोल्डरमधल्या ‘पॉपस्टेट डॉट डॅट’ या फाइलमध्ये असते. ती मागे राहिली असणार. जुन्या जागी किंवा प्रतीत सापडली तर थंडरबर्ड बंद करून जागेवर ठेवा.

‘थंडरबर्ड इज ऑलरेडी रनिंग, बट इज नॉट रिस्पॉन्डिंग’: आधी टास्क मॅनेजरमध्ये अडकलेलं थंडरबर्ड बंद करा, मग प्रोफाइलमधली ‘पेरेंट डॉट लॉक’ फाइल काढून बघा. हलवलेल्या प्रोफाइलच्या बाबतीत मात्र या मेसेजचा खरा अर्थ पुष्कळदा ‘मला या फोल्डरमध्ये लिहिता येत नाही’ असा असतो. दुसऱ्या कॉम्प्युटरमधून काढलेली डिस्क असेल तर फोल्डरचा मालक तिथला जुना युजर असतो. प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, ॲडव्हान्स्ड इथे जाऊन मालकी स्वतःच्या नावावर घ्या, ‘फुल कंट्रोल’ द्या आणि आतल्या सगळ्या फाइलींना लागू करा. ‘रीड-ओन्ली’ची खूणही काढा.

आणि दोन घरं झालेली असतील तर, जशी काकांची झाली होती: कोऱ्या प्रोफाइलमध्ये आठ दिवसांचे मेल आले होते. थंडरबर्ड बंद करून त्या प्रोफाइलमधली ‘इनबॉक्स’ फाइल (एमएसएफ नव्हे, बिनएक्स्टेन्शनची) कॉपी केली, तिचं नाव ‘मधले-दिवस’ केलं आणि जुन्या प्रोफाइलच्या मेलमधल्या ‘लोकल फोल्डर्स’मध्ये ठेवली. थंडरबर्ड उघडल्यावर लोकल फोल्डर्सखाली ‘मधले-दिवस’ नावाचं फोल्डर आपोआप दिसलं. त्यातले मेल निवडून इनबॉक्समध्ये ओढले. पाठवलेल्या मेलचंही तसंच. यात सर्व्हरवरून पुन्हा उतरलेले काही मेल दुहेरी झाले, ते मी आणि काकांनी बसून एकेक बघून काढले. माझा निम्मा दिवस गेला तो हाच.

तीन आठवड्यांनी पुन्हा तेच

काका पुन्हा जिन्यात. “परत कोरं झालं बघ.” या वेळी ‘प्रोफाइल कॅनॉट बी लोडेड’ हा मेसेज. प्रोफाइल बाहेरच्या हार्ड डिस्कवरच होतं आणि डिस्क जोडलेलीही होती. फाइल एक्स्प्लोररमध्ये बघितलं तेव्हा उलगडा झाला: काकांनी आधी भाच्याचा पेन ड्राइव्ह लावला होता, त्याने ‘ई’ हे अक्षर घेतलं, आणि नंतर जोडलेली हार्ड डिस्क ‘एफ’ झाली. थंडरबर्ड ‘ई’वर जाऊन बघत होतं.

हा प्रश्न वारंवार येतो तो बहुतेक याच कारणाने. एकदा सुटतो, चार दिवस नीट चालतं, मग एक दिवस अचानक पुन्हा. लोक दर वेळी प्रोफाइल नव्याने जोडतात, यादीत नावांची गर्दी होते आणि कोणतं खरं ते कळेनासं होतं. तसं करायची गरज नाही. थंडरबर्ड बंद करा. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडा, त्या डिस्कच्या भागावर उजवी क्लिक, ‘चेंज ड्राइव्ह लेटर अँड पाथ्स’, ‘चेंज’, आणि पूर्वीचं अक्षर परत द्या. ते अक्षर दुसऱ्या कशाने घेतलं असेल तर आधी ते काढून घ्या. पुन्हा अशी गाठ पडू नये म्हणून वर्णमालेतलं लांबचं अक्षर द्या, एम किंवा टी. नवीन जोडलेली उपकरणं पहिलं मोकळं अक्षर घेतात, ती तिथवर पोचत नाहीत. अक्षर बदललंत तर प्रोफाइल मॅनेजरमध्ये शेवटचं एकदा नवी जागा दाखवावी लागेल.

पण रोज वापरायचं प्रोफाइल बाहेरच्या डिस्कवर असू नये, असं माझं ठाम म्हणणं आहे. थंडरबर्ड उघडं असताना केबल सैल झाली, तर इनबॉक्सची फाइल अर्धवट लिहिली जाऊ शकते. वनड्राइव्हसारख्या सिंक होणाऱ्या फोल्डरमध्येही ठेवू नका. फाइल उघडी असते, ती एकाच वेळी दोघं हाताळायला जातात. लॅपटॉपमध्येच डी ड्राइव्ह असेल तर तिथे ठेवा, तो जागचा हलत नाही.

आउटलुकवाल्यांसाठी थोडक्यात

कार्यालयांमध्ये आउटलुक जास्त दिसतं, म्हणून एवढं सांगते, ते जुन्या पद्धतीच्या आउटलुकबद्दल. त्यात मेल साठवणारी ‘पीएसटी’ फाइल हलवता येते. आउटलुक बंद करून हलवली की पुढच्या वेळी उघडताना फाइल सापडत नाही असं ते सांगतं. ओके म्हटलं की ब्राउझची चौकट येते, तिथे नवी जागा दाखवा. मग फाइल, अकाउंट सेटिंग्ज, डेटा फाइल्स इथे नवा पत्ता आला का तपासा. ‘ओएसटी’ फाइल मात्र अशी उचलून हलवू नका. ती सर्व्हरवरच्या खात्याची स्थानिक प्रत असते, खातं काढून पुन्हा जोडलं की नव्याने तयार होते. पीएसटी ऑफिसच्या सामायिक नेटवर्क ड्राइव्हवर ठेवण्याला मायक्रोसॉफ्टचा पाठिंबा नाही, तेव्हा तेही टाळा. फाइल उघडतच नसेल तर ऑफिसबरोबर येणारा ‘स्कॅनपीएसटी’ हा दुरुस्तीचा प्रोग्राम चालवा, आधी प्रत घेऊन.

मुळात हलवायला हवं होतं का

काकांच्या लॅपटॉपमध्ये एकच ड्राइव्ह आहे, सी. प्रोफाइल परत तिथेच आणायचं तर जागा हवी. आधी ‘कॉम्पॅक्ट’ केलं. थंडरबर्डमध्ये मेल डिलीट केला, कचरा रिकामा केला, तरी मेलच्या फाइलमधून तो लगेच निघत नाही. फोल्डर कॉम्पॅक्ट केल्यावरच जागा सुटते. फाइल मेनूत ‘कॉम्पॅक्ट फोल्डर्स’ असतं. ३.४ जीबीचा इनबॉक्स १.९ वर आला. प्रोफाइलमधली ‘ग्लोबल-मेसेजेस-डीबी’ नावाची शोधाची सूची थंडरबर्ड बंद करून काढून टाकली. ती नव्याने, लहान होऊन तयार झाली. विंडोजच्या डिस्क क्लीनअपमध्ये अपडेटच्या जुन्या फाइली निघाल्या.

मग पूर्ण प्रोफाइल कॉपी करून सी ड्राइव्हवर आणलं, मॅनेजरमध्ये जोडलं, वहीतली पुन्हा चार पानं तपासली. बाहेरची हार्ड डिस्क आता फक्त प्रतीसाठी. दर महिन्याच्या एक तारखेला काका थंडरबर्ड बंद करतात, प्रोफाइलचं फोल्डर तारखेच्या नावाने डिस्कवर कॉपी करतात, आणि वहीच्या शेवटच्या पानावर निळ्या शाईने तारीख, आकार आणि फाइलींची संख्या लिहितात.